ब्रेकबाईंनी विचारलेला प्रश्न

माझ्या मोठ्या जाऊबाई लोकांना गाडी चालवायला शिकवतात. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा पाय चुकला की शेजारच्याने तो दाबायचा. जाऊबाईंचा पाय त्या ब्रेकवर कायम टेकलेला असतो, पण त्या तो क्वचितच दाबतात. तरी आमच्या भागात त्यांना ‘ब्रेकबाई’ हेच नाव पडलंय. त्यांनाही ते ठाऊक आहे. ‘हॉर्नबाई म्हणत नाहीत हे काय कमी आहे,’ असं त्या म्हणतात.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्या शिकवत नव्हत्या, एका लाँड्रीची व्हॅन चालवत होत्या. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलांचे अंगरखे, गठ्ठे उचलायचे, पोचवायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी एकदा त्यांना ती अवजड व्हॅन बोळात उलटी घालताना पाहिलं. दोन्ही बाजूंना भिंती, आणि मध्ये हात घालायला जागा नाही. त्यांच्या स्कूलमध्ये बायका नाव घालायच्या आणि चार दिवसांत सोडून जायच्या, कारण शिकवणारा गडी ओरडायचा. मालकांनी जाऊबाईंना विचारलं, आमच्याकडे येता का? या म्हणाल्या, मी आजवर कुणाला शिकवलेलं नाही. त्यावर मालक म्हणाले, कुणाला ठोकलेलंही नाही ना, मग झालं तर.

तेव्हापासून त्या शिकवताहेत. पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू देत नाहीत. सीट पुढेमागे करायची, आरसे लावायचे, पाय कुठे पोचतो ते बघायचं. चौकात गाडी बंद पडली आणि मागे पाच-सहा हॉर्न एकदम बोंबलायला लागले की शिकणारीला घाम फुटतो. अशा वेळी जाऊबाई शांतपणे म्हणतात, ‘वाजवू दे. हॉर्न त्यांचा आहे, गाडी आपली आहे.’ मीही त्यांच्याकडेच शिकले, म्हणून हे ऐकीव सांगत नाहीये.

आम्ही एकाच इमारतीत राहतो. आमचं घर खाली, त्यांचं वर. मोठे भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करतात. फार कमी बोलणारा माणूस. हसायचं असलं तरी आधी परवानगी काढतील असे. पण बायकोवर जीव. रोज सकाळी जाऊबाई बाहेर पडायच्या आधी त्यांचा उन्हाचा चष्मा हातात घेऊन, मऊ फडक्याने पुसून, उजेडाकडे धरून बघणार आणि मग देणार. संध्याकाळी दोघं जेवणानंतर कोपऱ्यापर्यंत चालून येत. मुलगी शिकायला परगावी गेल्यावर तर नवीन लग्न झाल्यासारखी हिंडायची दोघं. आम्ही खाली बसून त्यावर चेष्टा करायचो.

चाळिशी ओलांडल्यावर जाऊबाईंची पाळी बिघडली. बिघडली म्हणजे किती, तर सीटवर घडी घालून टॉवेल टाकल्याशिवाय त्या गाडीत बसत नसत. अंगावरून इतकं जायचं की चेहरा कागदासारखा पांढरा पडला. लोहाच्या गोळ्या घेऊन ढकलत होत्या दिवस. एकदा शिकवता शिकवता त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी जादा ब्रेक हळूच दाबला, गाडी कडेला घ्यायला लावली, दिवे लुकलुकते केले आणि शिकणारीला सांगितलं, ‘आज आपण थांबायचं कसं ते शिकू.’ त्या मुलीला शेवटपर्यंत कळलं नाही की आपल्या मॅडमना चक्कर आली होती.

त्यानंतर मात्र त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून घेतल्या, गाठबीठ काही नाही याची खात्री केली आणि गोळ्यांपासून ऑपरेशनपर्यंत सगळे मार्ग समोर मांडले. त्यातून जाऊबाईंनी हार्मोनची तांबी निवडली. तिच्यात तांब्याचा कणही नसतो, तरी आपल्याकडे सगळ्यांना तांबीच म्हणायची सवय. इंग्रजी टी अक्षरासारखी प्लास्टिकची एवढीशी वस्तू, गर्भाशयाच्या आत बसवतात. ती थोडं थोडं हार्मोन सोडत राहते, त्यामुळे आतलं अस्तर पातळ होतं आणि रक्त कमी जातं. शिवाय दिवस राहायची धास्ती नाही. काही वर्षांनी काढायची नाहीतर बदलायची.

सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग पडायचे, त्याची कल्पना डॉक्टरीणबाईंनी आधीच दिली होती. मग हळूहळू सगळं थांबलं. जाऊबाईंच्या गालांवर रंग आला. गाडीतला टॉवेल गेला. जिने चढताना गुणगुणायला लागल्या. आम्ही म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

पण पुढच्या वर्षी वरचा आवाज बंद झाला. म्हणजे भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतंच शांत. संध्याकाळचं फिरणं थांबलं. भाऊजी बाहेरच्या खोलीत झोपायला लागले, पाठ दुखते म्हणून कडक गादी हवी असं सांगून. सकाळी चष्मा पुसलेला असायचा, पण टेबलावर ठेवलेला. हातात नाही. माझ्या नवऱ्याच्या हे लक्षातही आलं नाही. पुरुषांना घरातला बल्ब गेलेला दिसतो, माणूस गेलेलं दिसत नाही.

मी तेव्हा गाडी शिकत होते. एका दुपारी आम्ही दोघीच होतो, सिग्नल लाल होता. जाऊबाई समोर बघत होत्या. अचानक म्हणाल्या, ‘मी तांबी काढून टाकणार आहे.’

मला वाटलं, परत रक्त जायला लागलं. तसं नव्हतं. सिग्नल हिरवा झाला, मी गाडी पुढे घेतली, आणि त्या सांगत राहिल्या. गाडीत एक बरं असतं, दोघींनी समोर बघायचं असतं. नजरेला नजर द्यावी लागत नाही. घरात ओट्याशी उभं राहून जे त्यांच्याने बोलवलं नसतं, ते त्या दुपारी रस्त्याकडे बघत बोलल्या.

गेल्या काही महिन्यांपासून त्यांना खाली कोरडेपणा आला होता. नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की दुखायचं, नंतर दिवसभर चुरचुरायचं. त्यांनी आधी दात आवळून सोसलं. मग टाळायला लागल्या. आज दमले, उद्या लवकर उठायचंय. भाऊजींनी कारण विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. ओळखीतल्या एका बाईला त्यांनी आडून आडून विचारलं होतं. ती म्हणाली, काही बुळबुळीत लावलंस ना, तर तांबी निसटून बाहेर येईल, तसलं काही करू नकोस. दुसरी म्हणाली, अगं घरातलं तेल लाव, आपल्या आज्या काय करत होत्या? जाऊबाईंनी जीव मुठीत धरून दुसरीचं ऐकलं आणि न्हाणीघरातलं केसांचं वासाचं तेल लावलं. त्या वेळी बरं वाटलं, पण पुढे खाज, आग आणि दह्यासारखा स्राव सुरू झाला. आता त्यांना वाटत होतं की तांबी तरी सरकली किंवा तेलाने तिचं काहीतरी झालं. म्हणून काढूनच टाकायची. परत टॉवेलवर बसायला लागलं तरी चालेल.

मी गाडी कडेला घेतली. त्यांनी सांगायच्या आत घेतली, ही माझी त्या दिवशीची कमाई. म्हटलं, काढायची तर काढा, पण आधी डॉक्टरांना सगळं सांगा, तेलासकट. त्यांनी हात पुढे करून लुकलुकते दिवे लावले. मग म्हणाल्या, ‘ते लावायचं असतं ना, त्याला शब्द काय वापरू?’

हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. खरोखर, आपल्या बोलण्यात त्या वस्तूला शब्द नाही. आहेत ते एक तर शिवीसारखे, नाही तर पाठ्यपुस्तकासारखे.

दवाखान्यात मी बरोबर गेले. आत जाताना त्यांनी मला बाहेर थांबवलं नाही, उलट हात धरून नेलं. एरवी जाऊबाई तरातरा बोलतात, तिथे मात्र खुर्चीच्या कडेवर बसल्या. तांबी काढायचीय म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी का, असं विचारलं आणि उत्तराची घाई केली नाही. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. जाऊबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग सरळ बसल्या आणि जसं गिअरबॉक्सबद्दल बोलतात तसं म्हणाल्या, ‘कोरडं पडलंय आणि दुखतं. तर तांबी असताना वंगण वापरलं तर चालतं का?’

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. डोळे तेवढे चमकले त्यांचे. ‘चालतं,’ म्हणाल्या. ‘आणि शब्द चांगला आहे. मीही हाच वापरत जाईन.’

आधी त्यांनी तपासलं. तांबीला बारीक दोरा असतो, तो गर्भाशयाच्या तोंडातून किंचित बाहेर राहतो. दोरा जागेवर होता, तांबीही जागेवर होती. त्रास होता तो बुरशीच्या संसर्गाचा. वासाचं तेल नाजूक जागी लागलं की कुणाकुणाला असं होतं, म्हणाल्या. त्याला औषध दिलं, आणि ते पूर्ण बरं होईपर्यंत जवळीक नको असं सांगितलं.

मग एक कागद ओढून त्यांनी चित्र काढलं. तांबी बसते आतल्या खोलीत. वंगण लागतं बाहेरच्या खोलीत. मध्ये दार आहे, ते घट्ट आहे. वंगण त्या दारातून आत शिरून तांबी घसरवत नाही, विरघळवत नाही, हार्मोनही कमी करत नाही. तेव्हा ती भीती मनातून काढून टाका. पाण्याचं वंगण घ्या, ते सगळ्यात सोपं, धुऊन निघतं. वाळलं तर पुन्हा लावायचं. सिलिकॉनचं घेतलं तरी चालतं, ते जास्त वेळ टिकतं. सुगंधाचं, चवीचं, गरम वाटणारं नको. लोशन, साबण, स्वयंपाकातलं काही नको. तेलाने आणि व्हॅसलीनसारख्या गोष्टींनी तांबीला काही होत नाही, पण एक तर तुमच्यासारखी आग होऊ शकते, आणि दुसरं म्हणजे निरोध वापरत असाल तर त्याचं रबर तेलाने कमकुवत होऊन फाटतं. तांबीने दिवस राहत नाहीत, पण संबंधातून लागणारे आजार थांबत नाहीत, त्यासाठी निरोधच लागतो.

जाऊबाई परीक्षेला बसल्यासारख्या ऐकत होत्या. कोरडेपणा तांबीमुळेच का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी ठाम उत्तर दिलं नाही. काही बायकांना हार्मोनमुळे होतो, म्हणाल्या, पण तुमच्या वयाला शरीर आपणहूनही बदलायला लागतं. वंगणाने भागलं नाही तर परत या, दुसरे उपाय आहेत. आणि दोरा बोटाला लागेनासा झाला किंवा लांब वाटला, टणक काही टोचलं, ताप आला, ओटीपोटात जोरात दुखलं, घाण वास येणारा स्राव झाला, तर वाट बघायची नाही, लगेच यायचं. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

‘आणि एक. दुखतंय ते सोसायचं नाही. ती काही तुमची ड्यूटी नाही.’

परतताना जाऊबाई पार्किंगमध्ये गाडीत बसल्या. किल्ली हातात होती, फिरवली नाही. मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, ‘एवढंच होतं. एवढ्याशासाठी मी आठ महिने त्या माणसाशी नीट बोलले नाही.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

औषधाने आठवड्याभरात आग थांबली, नंतर त्यांना पूर्ण बरं वाटायला लागलं. मग वंगण आणायचं राहिलं. आमच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी ही गर्दी. दुकानदार वयस्कर, कानाने जरा कमी. जाऊबाईंनी हळू आवाजात सांगितलं, त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं, त्याने खोकल्याचं औषध काढलं. तिसऱ्यांदा त्यांनी शिकवतानाचा आवाज लावला. अख्खं दुकान एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलं. दुकानदाराने एक गुलाबी खोकं पुढे केलं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं. यांनी ते उलटं करून वाचलं, परत दिलं, आणि साधं, पाण्याचं, बिनवासाचं मागितलं. त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं, तर म्हणाल्या, राहू द्या, वर्तमानपत्र तुम्हीच वाचा. माझ्या नवऱ्याचा एक मित्र तिथे रांगेत होता, त्याने ही हकीकत आमच्या घरी येऊन सांगितली. सांगताना हसत होता, पण आवाजात आदर होता.

भाऊजींना सांगणं त्याहून अवघड होतं. ते कसं झालं हे मला जाऊबाईंनीच नंतर सांगितलं. रविवारी त्या भाऊजींना म्हणाल्या, चला, गाडीने जरा चक्कर मारून येऊ. गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला लागल्या आणि समोर बघत सगळं सांगितलं. कोरडेपणा, दुखणं, तेल, डॉक्टर, सगळं. भाऊजींनी खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली. मग म्हणाले, ‘मला वाटलं, मी तुला नकोसा झालो.’

‘असं का वाटलं?’

‘मी हात लावला की तू अंग चोरायचीस. म्हणून बाहेर झोपायला लागलो. त्रास कशाला.’

‘विचारायचं ना.’

‘तू सांगायचं ना,’ भाऊजी म्हणाले.

जाऊबाईंनी गाडी थांबवली. कारण, त्यांच्याच शब्दांत, डोळ्यांत पाणी असताना गाडी चालवू नये असं त्या स्वतः सगळ्यांना शिकवतात. पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाहेरच्या खोलीतली कडक गादी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे खाली आली, पाहुण्यांसाठी.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहायला बसले नसते. संसारात असं बिघडतं आणि सुधारतं. पण जाऊबाई त्यानंतर जशा वागल्या, तसं मला जमलं नसतं.

त्यांच्याकडे बेकरीत काम करणारी एक बाई शिकायला यायची. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा, महिनोन् महिने बाहेर. तिलाही हार्मोनची तांबी होती, आणि नवऱ्याच्या फिरतीमुळे डॉक्टरांनी निरोधही वापरायला सांगितला होता. ती एक दिवस गाडी चालवताना रडायला लागली. निरोध फाटला होता, एकदा नव्हे, लागोपाठ. जाऊबाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि विचारलं, बरोबर काय लावता? व्हॅसलीन, ती म्हणाली. जाऊबाईंनी तिला सांगितलं की व्हॅसलीनने रबर फाटतं, आणि आपल्याला स्वतःला काय झालं होतं तेही सांगितलं. पण तेवढ्यावर थांबल्या. आजाराची तपासणी करायची का, कधी करायची, हे तिने विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘ते मला कळत नाही गं. मी क्लच शिकवते. चल, ज्यांना कळतं त्यांच्याकडे जाऊ.’ त्याच दुपारी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. सुदैवाने काही निघालं नाही.

गडबड अशी झाली की त्या दिवशी मागच्या सीटवर दुसरी एक शिकणारी बसली होती, आपला नंबर यायची वाट बघत. नवी सून होती एका घरातली. तिने घरी जाऊन निरागसपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई मालकांकडे हजर. तुमच्या मॅडम गाडीत घाणेरडं बोलतात, आमची सून बिघडेल.

मालकांनी जाऊबाईंना ऑफिसात बोलावलं. बिचारे संकोचाने टेबलावरचे कागद सारखे करत होते. म्हणाले, बाई, तुम्ही चांगल्यासाठीच बोलला असाल, पण ड्रायव्हिंग स्कूल आहे हे. जाऊबाईंनी वाद घातला नाही. दोष स्वतःकडे घेतला. मागे दुसरी बसलेली असताना मी बोलायला नको होतं, ज्या बाईचं दुखणं तिचं गुपित फुटलं, ही माझी चूक, म्हणाल्या. मालकांना हायसं वाटलं. मग जाऊबाई म्हणाल्या, ‘गाडीत नको हे पटलं. मग खोली द्या.’

‘कसली खोली?’

‘थिअरीची. शनिवारी दुपारी रिकामीच असते. डॉक्टरीणबाईंना बोलावते, ज्यांना यायचं त्या येतील. ज्यांना नाही, त्यांच्यावर जबरदस्ती नाही.’

मालकांनी दोन दिवस मागून घेतले. घरी बायकोशी बोलले असावेत, कारण तिसऱ्या दिवशी किल्ली आपण होऊन आणून दिली. वर म्हणाले, पंख्याचा वेग एकच आहे, तेवढं सांभाळून घ्या.

त्या शनिवारी मी गेले होते. थिअरीच्या खोलीत भिंतभर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात कापून उघडं केलेलं जुनं इंजिन, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. डॉक्टरीणबाईंनी बुटांच्या पिशवीतून गर्भाशयाचा प्लास्टिकचा नमुना काढून टेबलावर ठेवला. बायका आल्या, पण भीत भीत. मागच्या खुर्च्या आधी भरल्या. बेकरीवाली दाराजवळ बसली, म्हणजे वेळ पडली तर निघता यावं. ती सून आली होती, शेजारी सासूबाई, काय बोलतात यावर लक्ष ठेवायला, पर्स मांडीवर घट्ट धरून.

डॉक्टरीणबाईंनी तांबी काय असते, कुठे बसते, ते नमुन्यावर दाखवलं. छान सांगितलं. मग म्हणाल्या, विचारा काय विचारायचं ते. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. सगळ्या जणी ‘प्रवेश बंद’च्या तक्त्याकडे बघत होत्या. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. कुणी नाही. आता ही दुपार फुकट जाणार असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून जाऊबाई उठल्या. शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला.

‘मला हार्मोनची तांबी बसवलीय,’ त्या म्हणाल्या. ‘मध्ये मला कोरडेपणा आला, नवऱ्याजवळ जायला दुखायचं. मी घरातलं तेल लावलं आणि आग झाली. तर तांबी असताना वंगण लावलं तर चालतं का, आणि कुठलं?’

डॉक्टरीणबाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. उत्तर जाऊबाईंना तोंडपाठ होतं, हे त्या दोघींना आणि मला ठाऊक होतं. मग डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ते सगळं नव्याने सांगितलं. जाऊबाई उभ्याच होत्या. ज्या भागात आपल्याला प्रत्येक जण ओळखतो, ज्या भागात आपला नवरा रोज दुकानात बसतो, तिथे ही बाई आपलं सगळ्यात आतलं दुखणं सांगून उभी होती. दुसऱ्या कुणाला ते सांगावं लागू नये, एवढ्यासाठी.

सासूबाई ताडकन उठल्या आणि सुनेचा हात धरून तिला घेऊन गेल्या. जाता जाता दार आपटलं. ती मुलगी पुन्हा शिकायला आली नाही. जाऊबाईंना ते फार लागलं. अजूनही मध्येच म्हणतात, तिचा पाय क्लचवर इतका छान बसला होता.

पण दार आपटल्यावर खोलीत जरा हसू फुटलं, आणि बेकरीवालीने विचारलं की व्हॅसलीन नाही, मग हातांना लावायचं क्रीम तर चालेल ना. तेही नको, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. मग एक जण म्हणाली, तांबी बसवल्यावर किती दिवस थांबायचं? साधारण एखादा दिवस तरी, पण ज्यांनी बसवली त्यांनाच विचारा, कारण प्रत्येकीचं वेगळं असतं. एकीच्या नवऱ्याला दोरा टोचायचा. दोरा आखूड करता येतो, स्वतः ओढायचा नाही. एक पोक्त बाई कितीतरी वेळ चुळबुळत होती. तिला तांबीच नव्हती, पाळी जाऊन जमाना झाला होता. तरी मला ते चालेल का, असं तिने इतक्या हळू विचारलं की डॉक्टरीणबाईंना पुढे वाकावं लागलं. चालेल, म्हणाल्या, आणि एकदा येऊन भेटा. संध्याकाळ होईपर्यंत कुणी उठलं नाही. मालकांनी दोनदा दारावर टकटक केली, चहा हवा का विचारायला.

तेव्हापासून दर काही महिन्यांनी ही दुपार भरते. भाऊजींना दुकानात कुणी टोमणा मारला असेल का, असं मी एकदा घाबरत विचारलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, एकाने मारला. भाऊजींनी त्याचा चष्मा उजेडाकडे धरला आणि सांगितलं, तुम्हाला लांबचं दिसत नाही, नंबर वाढलाय. एवढ्या वर्षांत नवऱ्याने केलेला हा पहिला विनोद, असं त्या कौतुकाने सांगत होत्या.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मीही तीच तांबी बसवून घेतली. अंगावर पाजत होते, कोरडेपणा मलाही आला. मला मात्र आठ महिने लागले नाहीत. मी वर गेले, चहा होईपर्यंत सगळं बोलून झालं होतं.

गेल्या वर्षी जाऊबाईंच्या तांबीची मुदत भरली. पाळीचं वय उलटलेलं, नवी बसवायची गरज नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काढून आल्या आणि तासाभराने दुपारच्या बॅचला गेल्या. दुखलं का, विचारलं, तर म्हणाल्या, आरसा भिंतीला घासावा तेवढं.

हल्ली माझी थोरली मुलगी त्यांच्याकडे गाडी शिकते. परत येते तेव्हा कधी खूप हसत येते, कधी गप्प गप्प. जाताना तिच्याकडे काहीतरी प्रश्न असतो आणि येताना नसतो, हे मला आईला दिसतं. काय बोलणं झालं ते मी विचारत नाही. एकदा तिनेच सांगितलं, मोठी काकू म्हणाली, हे मला नक्की माहीत नाही, शनिवारी ये, विचारू या.